लॉकरमधली चप्पल

१

जहाजाच्या सहलीला निघालेला वर्ध्याकडचा माणूस आधी पिपरी मेघेला आनंदराव उमाट्यांच्या ओट्यावर येतो, चहा पितो, तासभर त्यांचं डोकं खातो आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करतो. हार्डवेअरचं दुकान पुतण्याच्या हवाली केल्यापासून आनंदरावांच्या पाच क्रूझ झाल्या होत्या. सांगायला त्यांची ना नव्हती. पण ऐकायला कोणी तयार असेल तर शपथ.

त्या रविवारी सकाळी कारंज्याहून निकेश आला होता. हायवेवर त्याचा ढाबा आहे. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तेव्हा कुठे बायकोला फिरवायचं त्याच्या मनात आलं. बायको सपना वही-पेन घेऊनच बसली होती, तेवढी एक गोष्ट आनंदरावांना आवडली.

"खोली मधातली घेजो, खालच्या मजल्यावरची. तिथं हालत नाई," आनंदराव सांगत होते. "मोठी बॅग संध्याकाळपर्यंत हाती येत नाई. औषधं, एक कपड्याचा जोड, सारं खांद्यावरच्या पिशवीत ठेवजो. मोबाईल एरोप्लेन मोडवर. नाई तर बिल पाहून तुले तिथंच चक्कर येईन."

"काकाजी, खिडकीतून पाणी येत नाई ना आत?"

आनंदरावांनी कपाळाला हात लावला. पाच क्रूझ केलेल्या माणसाला हे विचारायचं.

"पाण्याचं सोड, दाराचं आईक. शंभर दारं एकसारखी असतात. रंग तोच, कडी तीच. माणूस आपली खोली विसरते. म्हणून दाराले काहीतरी लावाव लागते." त्यांनी आत जाऊन फ्रिजवरचं लाल मॅग्नेट काढून आणलं. दुकानाच्या जाहिरातीचं होतं, वर पांढऱ्या अक्षरांत उमाटे हार्डवेअर. "हे घेऊन जा. दारं लोखंडाची असतात, हे पटकन चिपकते. आणि शेवटल्या दिवशी एक चप्पल लॉकरमध्ये टाकजो. मग कागदपत्रं लॉकरमध्ये विसरूच शकत नाईस. एका चपलेवर कोणी घरी जाते का?"

सपनाने लिहून घेतलं. तेवढ्यात सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या. सपना उठून त्यांच्या पाया पडली आणि हात चटकन मागे घेतला.

"काकू, पाय किती थंडगार आहेत तुमचे. आणि चप्पल नाई घातली? फरशी तर भाजून राह्यली."

मे महिना होता, दहा वाजून गेलेले. ओट्याच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता, निकेशसुद्धा पाय वर घेऊन बसला होता. सुलोचनाबाई त्याच फरशीवर अनवाणी उभ्या होत्या.

"हो," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आनंदरावांचं लक्ष दाराशेजारच्या रॅककडे गेलं. तिथे सुलोचनाबाईंची निळ्या पट्ट्याची एकच चप्पल ठेवलेली होती. महिना झाला, दुसरीचा पत्ता नव्हता.

२

पाचव्या सहलीला ते तिघं गेले होते, तिथूनच सगळ्याची सुरुवात झाली. आनंदराव, सुलोचनाबाई आणि नाचणगावची थोरली बहीण धुरपता. धुरपताबाईने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून तिलाही न्यावं असं सुलोचनाबाईंनीच सुचवलं होतं.

तिघं म्हटल्यावर धुरपताबाई अडून बसली. तीन तिघाडा, काम बिघाडा. त्यांच्या घरात तिघांनी निघायची पद्धतच नव्हती. निघावंच लागलं तर एक खडा उचलून सोबत घ्यायचा, तो चौथा. वाटेत कोणी किती जण म्हणून विचारलं तर चार सांगायचं. परत आलं की खडा उचलला तिथेच नेऊन ठेवायचा, त्याला उतरवायचं. धुरपताबाईने पुलगावच्या नदीतून काळा, गुळगुळीत, मुठीत जेमतेम मावेल असा दगड आणला आणि पदरात बांधून घेतला.

"बाई, बंदरावर सामान तपासतात. दगड पाहून काय म्हणतीन लोकं?"

"म्हणू दे. तू तुह्या टिपा सांग, मी माही सांगतो."

सुलोचनाबाई खो खो हसल्या होत्या. तुम्हाले आता भेटलं कोणी जोडीचं, म्हणाल्या होत्या.

मुंबईहून जहाज सुटलं. खोली झाडणारा पिकल्या केसांचा माणूस दाराशी आला आणि हिंदीत विचारता झाला, किती लोक. आनंदराव तोंड उघडायच्या आत धुरपताबाई बोलून गेली, चार. जेवून परत येतात तो खोलीत चार बिछाने तयार. छतातला बंद बर्थ खाली ओढून त्यावर पांढरीशुभ्र चादर, उशी, पायथ्याला टॉवेलचा केलेला हत्ती. आनंदरावांनी त्या माणसाला बोलावून समजावलं. तो मान हलवून गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चारच बिछाने. त्यांनी काउंटरवर तक्रार केली. तिसऱ्या दिवशीही तेच.

"राहू द्या ना," सुलोचनाबाई म्हणाल्या. "झोपून राह्यला बिचारा, तुमचं काय घेते?"

धुरपताबाईने तो दगड खरंच वरच्या बर्थवर, उशीच्या मधोमध ठेवला होता. रोज चादर बदलणारा माणूस तो उचलायचा आणि नव्या उशीवर तसाच ठेवायचा. आनंदरावांना त्या माणसाचा राग यायचा. एवढे पैसे भरून आपलं कोणी ऐकत नाही म्हणजे काय.

३

शेवटच्या संध्याकाळची गोष्ट आनंदराव कोणाला सांगत नसत. सांगण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच. नवरा-बायकोची कटकट, ती कोणत्या घरात होत नाही?

बॅगा रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या होत्या. आनंदरावांनी चारलाच आवरायला घेतलं. दारावरचं मॅग्नेट काढून बॅगेत टाकलं. आधार कार्डं, पैसे, तिकिटं लॉकरमध्ये, आणि वर सुलोचनाबाईंची एक चप्पल. नंबर लावून लॉकर बंद.

सात वाजता सुलोचनाबाईंना आठवलं की चष्मा वर डेकवरच राहिला.

"माही चप्पल काढून द्या."

"आता सकाळीच उघडणार. वारंवार उघडलं की माणूस विसरते."

"अवो, अनवाणी जाऊ का मी?"

"दुसरे जोड आणायचे होते. मी यादीत लिहून देल्लं होतं."

सुलोचनाबाईंनी उरलेली एक चप्पल पायात घातली.

"जाते मंग एकाच चपलेवर. पाहू द्या लोकाले तुमच्या टिपा."

आणि खरोखरच गेल्या. कॉरिडॉरमध्ये एका पायाची फटक फटक लांब जाताना आनंदरावांनी ऐकली आणि त्यांना हसूही आलं. धुरपताबाई जेवायला वर गेलेली होती.

अर्ध्या तासाने दार वाजलं. आनंदराव बाथरूममध्ये होते, तोंडाला साबण.

"अवो, उघडा. मीच आहे. कार्ड नाई लागून राह्यलं."

"मोबाईलजवळ ठेवलं असन. सतरा खेपा सांगतलं, दाराचं कार्ड मोबाईलजवळ ठेवू नको, बिघडते. जा काउंटरवर, नवीन घेऊन ये."

"आता खाली कुठं जाऊ? पाय दुखून राह्यला. उघडा ना."

"जा म्हटलं ना. त्याशिवाय लक्षात राहत नाई तुह्या."

दार आणखी दोनदा वाजलं, मग वाजायचं थांबलं. आनंदरावांनी सावकाश आंघोळ केली. मन थोडं खात होतं, नाही असं नाही. बाहेर आले तेव्हा सुलोचनाबाई खोलीत होत्या. वरच्या बर्थवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, दोन्ही अनवाणी.

"आली का? आणि तिथं कायले चढली? उतर."

"हो," त्या म्हणाल्या.

सुलोचनाबाईंच्या गुडघ्यांना दोन पायऱ्या सोसत नव्हत्या. बर्थची शिडी भिंतीला लावलेली होती, कोणी हलवलेली दिसत नव्हती. पण माणसाचं डोकं त्या वेळी बॅगेच्या चेनमध्ये अडकलेलं असतं. चेन बसत नव्हती म्हणून आनंदराव तिच्याशीच झटत राहिले.

सकाळी उतरताना तेच कार्ड फाटकावर लावायचं होतं, सुलोचनाबाईंकडे ते नव्हतं. आनंदराव चारचौघांत त्यांच्यावर खेकसले. फाटकावरच्या माणसाने पडद्यावरचा फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि नाव हाताने लिहून त्यांना सोडलं. मागे रांग खोळंबली होती.

४

घरी आल्यावर पहिले चार दिवस आनंदरावांना जमीन हलल्यासारखी वाटत होती. जहाजावरून उतरलेल्याला तसं होतंच. नाचणगावहून धुरपताबाईचाही फोन आला, तिचं म्हणणं तेच. सुलोचनाबाईंना मात्र काही नव्हतं. त्या स्थिर होत्या.

स्वयंपाक तोच, चव तीच. झुणका करायच्या, भाकरी थापायच्या, कूलरमध्ये पाणी भरायच्या. तक्रारीला जागा नव्हती आणि तीच आनंदरावांची तक्रार होती. चौतीस वर्षं या बाईने एक गोष्ट मुकाट्याने ऐकली नव्हती. पंखा बंद कर म्हटलं की गरम होते म्हणायची, वांगी आण म्हटलं की तुमचं पित्त काढायची. आता काहीही म्हणा, हो.

एकदा त्यांनी मुद्दाम म्हणून पाहिलं, "मी म्हणतो हे घर इकून टाकू."

"हो."

"आणि नाचणगावले जाऊन राहू, बाईच्या घरी."

"हो."

पुण्याहून मुलगी दामिनीचा फोन यायचा. "बाबा, आईले काय झालं? मी दहा मिनिटं बोलते, ती नुसती हो म्हणते. माहेरी येऊ का, त्यालेही हो, नको येऊ का, त्यालेही हो. भांडले का तुम्ही?"

आनंदरावांनी मनाशी हिशोब मांडला. वय झालं. थायरॉईड असेल. ऊन सोसत नसेल. डॉक्टरांनी नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली, जागा बदलून पुन्हा धरली, आणि रक्त तपासून आणा म्हणाले. नर्सने तीनदा सुई टोचली. रक्त काही लागलं नाही. शिरा बारीक आहेत म्हणाली. बायांच्या असतात बारीक, त्यात काय एवढं.

नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी सुलोचनाबाई बाथरूममध्ये तासभर राहायच्या. तांब्याचा आवाज नाही, बादलीचा नाही, नुसती नळाची धार. एकदा आनंदराव दाराशी कान लावून उभे राहिले. धार जमिनीवर पडत नव्हती, कशावरून तरी वाहत होती.

"सुलोचना, पाणी संपून राह्यलं टाकीतलं."

"हो."

धार चालूच राहिली. आनंदरावांना आधी राग आला आणि मग, आपण दार का लोटत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना भीती वाटत होती. आपल्याच घरात, सकाळच्या नऊ वाजता, आपल्याच बायकोची.

५

निकेश आणि सपना, आनंदराव गेले होते त्याच जहाजावर चढले त्या दिवशी दुपारी सहलीच्या कंपनीतून फोन आला. बोलणारी मुलगी मोठी नम्र होती.

"सर, मागच्या महिन्याची नोंद पूर्ण करायची आहे. सुलोचना उमाटे यांचं कार्ड उतरताना वाजलेलं नाही."

"कार्ड हरवलं तिनं. तुमच्या माणसानं हाताने लिहून घेतलं."

"ते जुनं कार्ड, सर. त्यांनी शेवटच्या संध्याकाळी काउंटरवरून नवीन घेतलं होतं. सात वाजून चाळीस मिनिटांनी. सही आहे त्यांची. काउंटरवाल्या मॅडमनी शेरा लिहिलाय, एका पायात चप्पल नाही, मदत हवी का विचारलं."

आनंदराव खुर्चीत सावरून बसले. "मग?"

"ते नवीन कार्ड वापरात दिसतंय, सर. रोज संध्याकाळी. कुठल्या ना कुठल्या दाराला लावलेलं दिसतं, पण दार उघडत नाही. कोणाच्या हाती पडलं असेल. मॅडम घरीच आहेत ना?"

स्वयंपाकघरात सुलोचनाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. तळपाय फरशीला पूर्ण टेकलेले. बोटं चालत होती, पण डोळे कुठेच पाहत नव्हते. चष्मा नव्हता. आनंदरावांना आताच आठवलं की महिनाभरात त्यांनी चष्मा मागितलाच नाही, आणि डाळीतला एकही खडा त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. निवडलेले खडे त्यांनी फेकले नव्हते. शेजारी वाटीत ठेवले होते, नीट, एकाला एक लागून.

"आहे," आनंदराव फोनवर म्हणाले. "घरीच आहे."

"मग सिस्टीमची चूक असेल, सर. सॉरी."

६

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते नाचणगावला गेले. धुरपताबाई अंगणात गहू वाळवत होती.

"बाई, तुहा तो दगड कुठं आहे?"

"मले काय विचारतं? उतरायच्या दिवशी सकाळी उशीवर नव्हता. मले वाटलं सुलोचनानं पिशवीत घेतला. विचारलं तर हो म्हणे. मी म्हटलं जाताजाता नदीवर उतरवून देईन थे." धुरपताबाईचा हात गव्हावर थांबला. "उतरवला नाई का?"

"माहीत नाई."

"आनंदा, जहाजावून उतरलो तेव्हा किती होतो आपण?"

"तीन. तू, मी, सुलोचना."

"आणि गेलतो चार."

"तो दगड होता बाई. चौथं माणूस नव्हतं."

"तेच म्हणून राह्यली मी," धुरपताबाई म्हणाली. "गाडीत माह्या बाजूले झोपलती थे. मी रातभर जागी होतो. तिचा श्वास आईकायसाठी. मी कोणाले बोलली नाई, मले वाटलं म्हातारी झाली मी, कान गेले."

"तूच आणला तो. तूच सांगतलं चार."

"हो, मीच. पण सुलोचनाले दाराबाहेर कोणं ठेवलं?"

ही गोष्ट आनंदरावांनी तिला कधी सांगितली नव्हती. त्यांनी विचारलंही नाही, कुठून कळलं. त्या वेळी ती वर जेवत होती, दार उघडलं नाही म्हणून सुलोचनाबाई पुन्हा तिच्याकडे गेल्या असतील, वैतागून काही बोलल्या असतील. कळायला काय लागतं? ते न जेवता परत निघाले, आणि धुरपताबाईने पहिल्यांदाच त्यांना जेवून जा म्हटलं नाही.

७

शनिवारी संध्याकाळी निकेशचा आवाजी मेसेज आला. जहाज कुठल्यातरी बेटाजवळ असावं, तेवढीच रेंज.

"काकाजी, तुमच्या टिपा एक नंबर. ते मॅग्नेट लावलं आमी दाराले. पण एक गंमत सांगू का? पहिल्या दिवसापासून रोज साडेसातच्या सुमारास दार वाजते. कोणीतरी बाई आहे, आपल्याकडचीच. म्हणते, अवो, उघडा, मीच आहे, कार्ड नाई लागून राह्यलं. सपनानं काल दाराच्या भोकातून पाह्यलं. पाठमोरी होती, भिंतीले हात लावत लावत चाललती, चष्मा नसल्यासारखी. सपना म्हणे एकाच पायात चप्पल होती, निळ्या पट्ट्याची. कोणी आपले वर्धेवाले आले का जहाजावर, तुमाले माहीत आहे का?"

आनंदरावांनी मेसेज दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा लावायची हिंमत झाली नाही. महिनाभर सुलोचना दारं चाचपत होती. शंभर दारं, एकसारखी. ओळखायची खूण त्यांनी चार वाजताच काढून बॅगेत टाकली होती. आणि आता ती खूण पुन्हा एका दारावर होती, आणि ती तिथे रोज येत होती, आणि आतून कोणी उघडत नव्हतं.

त्यांनी लिहिलं. निकेश, दार उघड. आज वाजलं की लगेच उघड. तिले आत घे, बसव, पाणी दे. म्हण, आनंदराव मुंबईले घ्याले येऊन राह्यले. मॅग्नेट काढू नको.

एक टिक पडली. दुसरी पडेना.

आनंदराव रॅकवरची चप्पल घेऊन बाजेवर बसले. पट्ट्याला शिवण घातलेली होती. ती त्यांनीच घालून आणली होती, नवी घेऊ नको म्हणून.

बाज करकरली. सुलोचनाबाई शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांच्या बाजूच्या दोऱ्या पार जमिनीकडे गेल्या आणि आनंदराव तिकडेच घसरले. दंडाला दंड लागला. ओला होता, थंड होता. आज नळाचा दिवस नव्हता.

महिनाभरात सुलोचनाबाईंनी स्वतःहून काही विचारलं नव्हतं. आता विचारलं, आवाज सुलोचनाबाईंचाच होता, फक्त खूप खालून आला.

"थे आली तं मले कुठं ठेवसान?"

आनंदरावांनी मान वळवली नाही. मोबाईलकडे पाहत राहिले. साडेसात वाजले, मग आठ. आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरी टिक पडली, आणि लगेच निकेशचा मेसेज आला.

"काकाजी, मेसेज आत्ता पाह्यला. ते मॅग्नेट आमी दुपारीच काढलं, सपनाले भेव वाटून राह्यलं होतं. तुमचा तो लाल रंग पाहूनच बाई येत असन म्हणे. खरंच, आज कोणीच नाई आलं. सारं शांत आहे आता, काळजी करू नका. बाकी तुमच्या साऱ्या टिपा कामी आल्या."

त्यांनी मोबाईल बाजेवर ठेवला. चप्पल हातातच होती.

"चहा मांडू का?" शेजारून प्रश्न आला.

"हो," आनंदराव म्हणाले.